प्रासंगिक विनोद आणि आमची बोली

हिमायतनगरास अद्याप वाढोणा म्हणणारी माणसे आहेत. निजामाच्या राज्यात गावाचे नाव बदलले, 1948 साली ते राज्यच गेले, पुढे गाव तालुक्याचे ठिकाण झाले आणि कचेरीच्या पाटीवर नवे नाव कायम झाले. पण महाशिवरात्रीस यात्रा भरते ती वाढोण्याच्या परमेश्वराची. कागदावर एक आणि तोंडी एक अशी दोन नावे गाव निर्वेधपणे वापरते. वरून आलेल्या वार्तेवर, न रागावता आणि न दबता, केलेले हे एक भाष्यच होय, आणि त्यात थोडा मिश्किलपणाही आहे असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे.

बातमी वरून यावी आणि तिजवरचा शेरा खालून जावा हा क्रम आमच्या भागास जुना आहे. मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरचे हे गाव. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाडी कानी पडते, किनवट मागे टाकले की तेलुगू, आणि बाजारात दक्खनी उर्दू तर घरचीच. अशा सांध्यावर राहणाऱ्या माणसास एकाच वस्तूची तीन-चार नावे ठाऊक असतात. आणि ज्यास इतकी नावे ठाऊक, त्यास कोणत्याच नावाचा फारसा धाक वाटत नाही. चहाच्या हॉटेलात एकाने वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी निवडणुकीपासून नटनट्यांच्या लग्नापर्यंत व पीकविम्यापासून नव्या मोबाइलपर्यंत प्रत्येक मथळ्यास एकेक वाक्य चिकटवावे, ही आमच्याकडील बिनखर्चाची करमणूक आहे. वाक्य जितके लहान तितका त्याचा मान मोठा.

या प्रकारास आम्ही प्रासंगिक विनोद म्हणतो. आज रंगभूमी, दूरचित्रवाणी आणि मोबाइल या तिन्ही ठिकाणी त्याचे पीक अमाप आले आहे. परंतु टीकाकारांची दृष्टी त्याकडे क्वचितच वळते. एखाद्या सामान्य कादंबरीस चार परीक्षणे मिळतात, आणि ज्यावर घरेच्या घरे रोज हसतात त्यास एकही मिळत नाही. कारण असे सांगण्यात येते की, आजचा विनोद उद्या शिळा होतो, मग त्याची चिकित्सा ती काय करावयाची? शिळी तर भाकरीही होते. म्हणून सुगरणीची परीक्षा कोणी सोडून दिली आहे काय?

आमच्या मते या विनोदाच्या परीक्षेस एक साधी युक्ती पुरेशी आहे. प्रथम त्यातला प्रसंग काढून टाकावा, म्हणजे ज्या बातमीवर तो बेतला आहे ती विसरून जावी. मग त्याची बोली उतरवून त्यास प्रमाण मराठीचे कपडे घालावे. एवढे करून जर हसण्याजोगे काही उरले, तर तो विनोद. न उरले, तर आपण एक तर बातमीवर हसत होतो किंवा बोलणाऱ्याच्या तोंडावर. यातली दुसरी गोष्ट आम्हांस विशेष झोंबते, कारण ते तोंड पुष्कळदा आमचे असते. नांदेड-लातूरकडील माणूस 'मी जायलो', 'तू काय करायलास' असे म्हणतो. पुण्यामुंबईच्या श्रोत्यांपुढे हे क्रियापद नुसते उच्चारले तरी सभागृहात खसखस पिकते. पुढे विनोद यावयाचा असतो तो आला नाही तरी चालते. वास्तविक 'करतो आहे' याचे 'करतोय' होते तेव्हा कोणी हसत नाही. 'करायलो' हेही त्याच जातीचे चालू वर्तमानकाळाचे रूप आहे, आणि लाखो माणसे त्यात शेती करतात, भांडतात, अंत्यविधीस जातात. ते व्याकरण आहे, विनोद नव्हे.

या दृष्टीने मागे पाहू गेल्यास मराठवाड्याचा पहिला मोठा प्रासंगिक विनोदकार पैठणास सापडतो. एकनाथांची (1533–1599) भारुडे आपण भक्तीच्या कपाटात ठेवून दिली आहेत, त्यामुळे ती आपल्या काळी किती ताजी असतील याची कल्पना आपणांस येत नाही. वाघ्या, जोशी, गोंधळी, महार यांची सोंगे तर त्यांत आहेतच. पण आम्हांस अधिक नवल वाटते ते अर्जदस्त, ताकीदपत्र, अभयपत्र या नावाच्या रचनांचे. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींपाशी राहून नाथांनी हिशेबाचे काम केले असे परंपरा सांगते. दरबारी कागदाची ती फारसीमिश्रित, लांबलचक, लाचार आणि तरीही दिमाखदार भाषा त्यांच्या कानात भिनलेली होती. नाथांनी ती जशीच्या तशी उचलली, देहालाच परगणा कल्पिला, आणि जिवाकडून परमेश्वरास सरकारी अर्ज करविला. ज्या कागदास पाहून रयतेच्या पोटात गोळा येई, तोच कागद कीर्तनाच्या रंगणात वाचला जात असता श्रोत्यांचा केवढा भार हलका झाला असेल! आज नाथ असते तर त्यांनी बँकेचा 'आपले केवायसी अपूर्ण आहे, खाते बंद होईल' हा निरोप खचित उचलला असता, आणि ओटीपी कोणास सांगू नये या एका सूचनेवर गुरुमंत्राचे अख्खे भारूड रचले असते.

आता आमची परीक्षा येथे लावून पाहा. निजामशाही गेली, फारसी कागद गेले. प्रसंग शून्य झाला. तरी अर्जदस्त वाचताना हसू येते, कारण अर्ज करणाऱ्या माणसाची दीनता आणि अर्जाच्या भाषेचा ताठा यांतील विसंगती अद्याप कोणत्याही तहसील कचेरीत पाहावयास मिळते. नाथांनी सोंगे घेतली ती बहुधा गावकुसाबाहेरच्या किंवा भटक्या माणसांची. पण त्या माणसांच्या बोलण्यास हसण्यासाठी नव्हे. सोंग घेतलेला महार किंवा वाघ्या शहाणे बोलतो आणि ऐकणारा अडाणी ठरतो. ही दिशा महत्त्वाची आहे. आपल्या काळात सिल्लोडकडील शाहीर निरंजन भाकरे हे मोठ्या घेराचा अंगरखा घालून भारूड सादर करीत. 2021 साली करोनाच्या साथीत ते गेले. त्यांच्या तोंडून भारूड ऐकताना जुन्या सोंगात आजचा विषय कसा सहज बसतो हे दिसे, आणि सोंगाड्या श्रोत्यांपेक्षा एक पायरी वर उभा असे.

मराठी गद्यातल्या विनोदाचे पूर्वज श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांजविषयी येथे थोडक्यातच सांगतो, कारण त्यांचा विचार इतरत्र पुष्कळ झाला आहे. 'सुदाम्याच्या पोह्यां'तील ज्या रूढींवर त्यांनी कोरडे ओढले त्यांपैकी कित्येक आज नाहीशा झाल्या. पण बंडूनाना ज्या आत्मविश्वासाने चुकीचा युक्तिवाद करतो तो आत्मविश्वास नाहीसा झालेला नाही, रात्रीच्या वृत्तवाहिन्यांवर तो रोज भेटतो. अत्र्यांच्या 'झेंडूच्या फुलां'ची (1925) गोष्ट याहून गमतीची आहे. ज्या कवींचे त्यात विडंबन आहे त्यांतील काहींच्या मूळ कविता आजच्या वाचकाने पाहिलेल्याही नसतात, तरी विडंबन मात्र पाठ असते. सावली उरावी आणि झाड जावे असा हा चमत्कार. आणि तो घडला याचे कारण अत्रे स्वतः कवी होते, वृत्तावर त्यांची हुकमत होती. नुसत्या कुचेष्टेला शंभर वर्षांचे आयुष्य लाभत नसते. उलटपक्षी प्रासंगिक विनोद अंगाशी येतो तोही मोठ्या माणसांच्या हातून: ठाण्याच्या 'हिंदुपंचा'वर नामदार गोखल्यांनी 1909 साली अब्रूनुकसानीचा दावा लावला, आणि ते विनोदी पत्र बंद पडले. गोखल्यांसारखा सौम्य पुरुष ज्याने कोर्टात गेला, त्या विनोदात हसू किती आणि विष किती होते हे पाहण्याचे काम अभ्यासकांचे आहे.

तमाशातील बतावणी ही या विनोदाची खरी शाळा. वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' 1965 साली रंगभूमीवर आले, आणि दादा कोंडक्यांनी त्यात रोजच्या वर्तमानपत्रातील बातमी पेरण्याचा परिपाठ पाडला. लोक पुन्हा पुन्हा जात ते वगाची कथा ऐकावयास नव्हे. आज दादा कोणाची खोडी काढतात ते ऐकावयास. छापील पुस्तकात त्या खोड्या नाहीत, आणि नसाव्यात हेच बरे. कारण त्यांची जागा त्या रात्रीच्या हवेत होती. प्रसंग काढला की त्यातले पुष्कळसे गळून पडते, हे आम्ही मान्य करतो. पण बोली काढून पाहिली असता एक गोष्ट शिल्लक राहते: राजाच्या दरबारात बसून राजाला वेड्यात काढणारा अडाणी शिपाई. तो टिकतो, म्हणून वगही टिकला.

परंतु आम्हांस ज्या कृतीपाशी थोडे थांबावयाचे आहे ती आमच्याच भागातली आहे. मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकविणारे कै. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एकपात्री प्रयोग उभा केला आणि तो आयुष्यभर, 2009 साली निधन होईपर्यंत, देशोदेशी नेला. एक माणूस, सुमारे तीन तास, बावन्न व्यक्तिरेखा. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. विक्रमाचे कौतुक ज्यास करावयाचे त्याने करावे, आमच्या लेखी तो या कृतीचा सर्वांत कमी महत्त्वाचा गुण आहे. बावन्न पात्रे कोणीही मोजू शकतो. त्यांतील एकही पात्र दुसऱ्याच्या खर्चाने विनोदी होत नाही, हे मोजता येत नाही.

विषय प्रासंगिकच होता. त्या काळी विमानप्रवास म्हणजे खेड्यास आकाशातून गेलेली एक शुभ्र रेघ. लग्नासाठी अख्खे वऱ्हाडच्या वऱ्हाड विमानात बसून परदेशी निघणे ही तर बातमीच. यंत्र नवे, देश परका, आणि माणसे आडगावची. अशा जुळणीत नवशिक्या लेखकाची पहिली धाव कोठे जाईल हे सांगावयास नको: गावंढळ माणूस, त्याची फजिती, आणि शहरी प्रेक्षकांचा टाळ्यांचा कडकडाट. देशपांडे या वाटेने दोन पावलेही जात नाहीत. त्यांच्या वऱ्हाडाजवळ स्वतःचे एक माप आहे. ही मंडळी जन्मभर बैलगाडी आणि एस.टी. यांतून लग्नांना गेलेली आहेत. वरमायेचा मान, व्याह्यांचा रुसवा, सामानाची मोजदाद, कोण कोणाजवळ बसणार, या गोष्टी जमिनीवर जितक्या गंभीर तितक्याच आकाशात. विमानाने त्यांना दिपवून टाकावे अशी अपेक्षा असते. ते विमानासच आपल्या लग्नघरात ओढून आणतात. शेवटी फजिती कोणाची होत असेल तर ती लंडनची, कारण रुसलेल्या व्याह्याचे काय करावे याची सोय त्या शहरात नाही.

बोलीविषयी देशपांड्यांचा संयम वाखाणण्यासारखा आहे. त्यांचे प्रत्येक पात्र मराठवाडी बोलते, पण प्रत्येकाची मराठवाडी निराळी. म्हाताऱ्याची दमाने चालणारी, पोराची घाईची, बाईमाणसाची पदराआडून टोचणारी. श्रोत्यास पंधरा मिनिटांनंतर ती बोली ऐकू येईनाशी होते; माणसे ऐकू येतात. आमची परीक्षा येथे दोन्ही बाजूंनी उत्तीर्ण होते. नांदेडास आज विमानतळ आहे, गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या सुमारास, 2008 साली, तो नव्याने उभा राहिला. आमच्याकडची मुले पुण्याहून पुढे बंगळूर, दुबई, अमेरिका अशी जातात, आणि पासपोर्ट ही वस्तू देवघराजवळच्या कपाटात रेशनकार्डाशेजारी असते. विमानाची नवलाई अशी पार ओसरली असताही मूळचे माजलगावचे संदीप पाठक यांनी हाच प्रयोग पुन्हा उभा केला, आणि त्यास प्रेक्षकांची वाण पडली नाही. हे कशावर हसतात? विमानावर खचित नव्हे.

या ठिकाणी एक शेजारची साक्ष काढतो. आमच्या बाजारातली दक्खनी ही हिंदी चित्रपटांनी वर्षानुवर्षे हसण्याची भाषा करून ठेवली. नटाने दोन शब्द दक्खनी बोलावे आणि खुर्च्या हलाव्या. त्याच भाषेत गुलबर्ग्याचे सुलेमान खतीब यांनी कविता लिहिल्या. मुलाची आई हुंड्याची यादी वाढवीत जाते त्यावर श्रोते पोट धरून हसतात, आणि मुलीचा बाप बोलू लागला की तेच श्रोते खाली पाहतात. भाषा तीच, उच्चार तोच. बदलते ती फक्त बोलणाऱ्याची गरज. हैदराबादेत 1962 पासून 'जिंदादिलान-ए-हैदराबाद' ही संस्था आणि 1968 पासून 'शगूफा' हे विनोदी मासिक या परंपरेची जोपासना करीत आले. विनोदास वाहिलेले एक मासिक काढून ते दशकानुदशके चालविण्याची चिकाटी उर्दूच्या त्या मंडळींनी दाखविली, याचा आम्हांस थोडा हेवाही वाटतो.

आता दूरचित्रवाणी. 'चला हवा येऊ द्या' हा झी मराठीवरील कार्यक्रम 2014 साली सुरू झाला आणि सुमारे दहा वर्षे घरोघर पाहिला गेला. थुकरटवाडी हे त्याचे कल्पित गाव. नटसंच कसबी होता यात शंका नाही. भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी ही नक्कल नसून घरची भाषा होती, त्यामुळे तिच्यात आब होता. भाऊ कदमांचे नुसते थांबणेही बोलके असे. पण या कार्यक्रमाचा पाया पाहिला तर त्याची मर्यादा ध्यानात येते. नवा चित्रपट निघाला की त्यातील नट थुकरटवाडीस यावयाचे, हिंदीतले बडे तारेही पुढे येऊ लागले, आणि त्याच चित्रपटाचे विडंबन त्यांच्याच पुढ्यात व्हावयाचे. पाहुणा समोर बसून टाळ्या देतो आणि त्याचे तिकीट खपते, तेथे विडंबनाला दात असणार कसे? अत्र्यांनी रविकिरण मंडळाला आधी विचारून विडंबने लिहिली असती तर 'झेंडूची फुले' हे अभिनंदनपत्र झाले असते. शिवाय पुरुषांनी लुगडी नेसून केलेला आरडाओरडा आणि खेडवळ उच्चारांवर मिळालेले हशे यांनी कित्येक भाग भरून काढलेले असत. ते प्रमाण मराठीत लिहून पाहावे. कागद कोरा राहील.

तथापि न्याय केला पाहिजे. याच कार्यक्रमात सागर कारंडे पोस्टमन होऊन पत्र वाचीत असत. अरविंद जगताप यांनी लिहिलेली ती पत्रे दुष्काळाची, कर्जाची, शहरास गेलेल्या मुलाची असत. हसून दमलेले प्रेक्षक तेथे गप्प होत. आमच्या मते त्या कार्यक्रमातील खरे प्रासंगिक भाष्य तेच होते, आणि ते विनोदाच्या पोटातच जन्मले हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुण्यामुंबईच्या मध्यमवर्गापुरते बोलावयाचे तर 2016 साली निघालेल्या 'भाडिपा'ने आई आणि मुलगा यांच्या संवादांतून मोबाइल, परगावची नोकरी, लग्नाचा तगादा यांवर चांगली मजा केली. ते स्वतःच्या घरावर हसतात, म्हणून त्यांचे हसणे स्वच्छ आहे. त्या घराची खिडकी मात्र रस्त्याकडे क्वचितच उघडते.

राहता राहिला मोबाइल. पूर्वी चहाच्या हॉटेलातील शेरा हॉटेलातच विरे. आता तो मिनिटाभराच्या चित्रफितीत बसून पुणेच काय, दुबईपर्यंत जातो. मधला नाटककार, संपादक, वाहिनीचा मालक कोणीच उरला नाही. आमची बोली आमच्या तोंडून, कोणाच्या परवानगीवाचून, जगास ऐकू जाऊ लागली, ही लहान गोष्ट नव्हे. कोंडक्यांसही गावोगाव तंबू ठोकावा लागला होता. आमच्या तालुक्याच्या आसपासची पोरे शेताच्या बांधावर उभी राहून सोयाबीनच्या भावावर, पुढाऱ्याच्या पक्षांतरावर, नव्या फोनच्या किमतीवर बोलतात. त्यांतील काही भाष्ये आम्ही पुन्हा पुन्हा पाहिली. एक पोरगा फोनची किंमत क्विंटलात सांगतो: अमुक फोन म्हणजे इतके क्विंटल सोयाबीन. तोंडावर हसू नाही, आवाज चढलेला नाही. प्रमाण मराठीत सांगा, तेलुगूत सांगा, ते वाक्य जसेच्या तसे उभे राहते. त्यात 'करायलो' आहे, पण ते हशासाठी थांबत नाही. देशपांड्यांच्या वऱ्हाडाचे माप येथे नव्या हातात आलेले दिसते.

दुसरी जात मात्र संख्येने मोठी आहे. तीत पोरगा डोक्यावर पदर घेतो, ओठ वाकडे करतो, आणि जी क्रियापदे तो घरी आजीशी सरळ बोलतो तीच ताणून, चिरडून, किंचाळून बोलतो. बातमी कोणतीही असो, क्रिकेटचा सामना असो की चंद्रावर उतरलेले यान, त्याला त्यातून एकच गोष्ट काढावयाची असते: आम्ही कसे बोलतो ते पाहा. शहरातल्या नटाने हे केले तेव्हा आम्ही त्यास अज्ञानी म्हणून सोडून देत होतो. येथे विकणारा घरचाच आहे आणि माल आजीचा आहे. पाहणाऱ्यांचे आकडे याच जातीच्या बाजूचे दिसतात, हे आम्हांस ठाऊक आहे. आकड्यांनी विनोद ठरत असता तर लक्ष्मण देशपांड्यांच्या बावन्न पात्रांच्या बेरजेवरच आमचा लेख संपला असता.

या चित्रफिती पाहणाऱ्या सुशिक्षित घरांविषयी एक निरीक्षण नोंदवितो. बैठकीत फोन हातोहात फिरतो, 'काय करायलास' या दोन शब्दांवर वडील माणसेही हसून लोटपोट होतात, आणि त्याच क्षणी आतून घरातला सहा वर्षांचा मुलगा 'बाबा, मी जेवायलो' असे म्हणत बाहेर येतो. तेव्हा पुण्याचे पाहुणे बसलेले असल्यामुळे आई त्यास हळूच दंडाला धरून आत नेते आणि 'नीट बोल' असे सांगते.